बिबट्याच्या भागात सेन्सर लाइटचं बटण घरात हवंच

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांतल्या बिबट्याच्या बातम्या तुमच्या पेपरात आता रोजच्याच झाल्यात, कुठं पिंजरा लागला, कुठं वासरू उचललं, कुठला बिबट्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणसांच्या, लहान पोरांच्या पण बातम्या येतात. त्यामुळे मळ्यात राहणारी मंडळी घराबाहेर आणि गोठ्याबाहेर सेन्सरचे फोकस लावायला लागलीत, चांगलीच गोष्ट आहे, वनखातं पण सांगतंच की घराभोवती उजेड ठेवा. मी याच भागात वायरिंगची कामं करतो आणि सारखं बघतोय की लाइट चांगला असतो, सेन्सर चांगला असतो, पण जोडणी अशी केलेली असते की ऐन वेळेला उजेडच पडत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

सेन्सर कसा चालतो ते आधी सांगतो. हलणाऱ्या अंगाची उष्णता त्याला कळते, टप्प्यात कोणी आलं की लाइट लागतो आणि ठरवलेल्या वेळेनं बंद होतो. म्हणजे तुम्ही दार उघडून ओटा उतरून चार पावलं टाकली की मग उजेड. पहाटे धार काढायला उठणाऱ्या बाईला ते काय कामाचं? तिला दाराची कडी काढायच्या आधी खिडकीतून अंगण बघता आलं पाहिजे. लाइट लागला म्हणून बिबट्या येणारच नाही असं कोणी समजू नये, पण बाहेर काय आहे ते आपल्याला आधी दिसलं पाहिजे. म्हणून घरात, दाराजवळ किंवा पलंगाजवळ, एक बटण असं हवं की ते दाबलं की सेन्सरला न विचारता लाइट लागलाच पाहिजे.

आता लोक करतात काय, की जुनं बाहेरच्या लाइटचं बटण असतंच, त्याच्याच पुढं सेन्सर लावून टाकतात, म्हणजे बटणातून फेज (करंट आणणारी जिवंत वायर) सेन्सरला आणि सेन्सरमधून लाइटला. अशा जोडणीत बटण बंद राहिलं तर सेन्सर मेलेला, घरात कोणीतरी सवयीनं झोपताना बटण बंद करतं आणि रात्रभर गोठ्यावर अंधार. आणि घाईत बटण चालू केलं तरी सेन्सरला जागं व्हायला अर्धा-एक मिनिट लागतं, काही सेन्सर तेवढा वेळ लाइट लावतात तर काही लावत नाहीत, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. लाइट जाऊन परत आली की पण हेच होतं.

बरोबर जोडणी साधी आहे. सेन्सरला कायमचा फेज द्यायचा, बटणातून न जाणारा. बटण सेन्सरच्या बाजूनं टाकायचं, म्हणजे त्याच फेजवरून एक वायर बटणाला आणि बटणातून निघालेली वायर सेन्सरच्या बाहेर जाणाऱ्या वायरीला, जिथून लाइटला फेज जातो तिथं. लाइटची दुसरी वायर सरळ न्यूट्रलला, म्हणजे करंट परत जाण्याच्या वायरीला. बटण बंद असलं की सेन्सर आपलं काम करतो, बटण दाबलं की लाइट लागलेलाच राहतो. यासाठी बोर्डापासून लाइटपर्यंत तीन वायर लागतात आणि आपल्या जुन्या वायरिंगमध्ये दोनच असतात, अडतं ते इथंच. तिसरी वायर ओढायचा कंटाळा करू नका, खर्च सेन्सरच्या मानानं किरकोळ आहे. फोकसची बॉडी धातूची असेल तर अर्थिंगची हिरवी वायर वेगळी, ती पण टाळू नका.

आणि आता रंगांचं, ज्यासाठी मला मुख्य लिहायचं होतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सेन्सरला तीन वायर असतात, चॉकलेटी, निळी आणि लाल. चॉकलेटीला फेज द्यायचा, निळी न्यूट्रलची, आणि लाल ही लाइटला जाणारी. आपल्या घरात मात्र लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, त्यामुळे घरची लाल सेन्सरच्या लालला जोडली जाते आणि सेन्सरला सप्लायच मिळत नाही, मग लोक म्हणतात माल खराब निघाला. त्याहून वाईट निळ्याचं. शेतात थ्री फेजला लाल, पिवळी, निळी या तिन्ही फेजच्या वायरी. पाण्यातल्या मोटरची उरलेली फ्लॅट केबल प्रत्येकाच्या घरी पडलेली असते, तिच्यात हेच तीन रंग, आणि तीच केबल गोठ्यापर्यंत ओढून लाइट केला जातो. स्टार्टरमधून आलेली निळी ही फेजच असते, ती सेन्सरच्या निळ्याला न्यूट्रल समजून दिली आणि चॉकलेटीला लाल दिली की सेन्सरवर 230 च्या जागी 415 व्होल्ट येतात, सेन्सर फुटतो, आणि वर कोणी शिडीवर उभं असेल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून रंग बघून जोडूच नका, टेस्टर लावून बघा. टेस्टर दोन्ही वायरींवर पेटला तर एकतर दोन्ही फेज असतात, नाहीतर न्यूट्रल कुठंतरी तुटलेला असतो, ते आधी शोधा, तोवर जोडू नका.

दुसरी एक गोष्ट हात जोडून सांगतो. मोटरच्या लायनीवर न्यूट्रल मिळत नाही म्हणून जमिनीत सळई ठोकून तिच्यावर लाइट चालवतात, हे करू नका. ओल्या जमिनीत सळईच्या आसपास करंट उतरतो आणि गाई-म्हशी चार पायांवर उभ्या असतात, त्यांना आपल्यापेक्षा लवकर झटका बसतो. बिबट्यापासून वाचवायला लावलेल्या लाइटनं गोठ्यातलं जनावर मरायचं. तसंच सेन्सर आणि बटण दोन्ही एकाच फेजवर घ्या. सेन्सर एका फेजवर आणि बटण दुसऱ्या फेजवर असलं तर बटण चालू असताना सेन्सर लागला की दोन फेज आपसात भिडतात, मोठा जाळ होतो.

लाइट बिघडला तर शोधायचं कसं, तर हेच घरातलं बटण कामाला येतं. बटण दाबल्यावर लाइट लागला म्हणजे फोकस आणि न्यूट्रल ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये. लागलाच नाही तर फोकस किंवा न्यूट्रल बघा. लाइट कायमच लागून राहत असेल तर आधी बटण चालू राहिलंय का बघा, मग मेन बंद करून सेन्सरची लाल वायर सोडवा, उघडं टोक टेप लावून झाका आणि मेन चालू करा. लाइट विझला तर दोष सेन्सरकडं, बऱ्याच वेळा त्यातला रिले (लाइट चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटलेला असतो, मोठे एलईडी फोकस एकाच सेन्सरवर टाकले की असं होतं, डब्यावर बल्बसाठी आणि एलईडीसाठी वेगवेगळे वॅट लिहिलेले असतात ते वाचा. लाइट बंद असताना फोकस मंद मंद दिसत असेल तर बटणाला इंडिकेटर असतो तो काढा, किंवा बटण न्यूट्रलवर टाकलंय का तपासा. न्यूट्रलवरचं बटण फार धोक्याचं, बंद केलं तरी होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. दिवसा सेन्सर तपासायचा असेल तर सेन्सरवरचं लक्सचं, म्हणजे किती अंधारात लागायचं ते ठरवणारं, बटण सूर्याच्या चित्राकडे फिरवा, नाहीतर उजेडात तो लागणारच नाही आणि तुम्ही उगाच दुकानात परत नेऊन द्याल.

जागेचं थोडक्यात. सेन्सर गोठ्यात तोंड करून लावू नका, गाय हलली तरी रात्रभर लाइट चालू-बंद होईल आणि दोन दिवसांत घरातली माणसं कंटाळून तो बंदच करून टाकतील. वाटेच्या आडव्या बाजूनं लावा, समोरून सरळ येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं त्याला लवकर कळतं. वायर खालून आत घ्या आणि खाली थोडा झोल सोडा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून सेन्सरमध्ये जाणार नाही.

माझं म्हणणं दोघांना आहे. विकणाऱ्यांनी डब्यात मराठीत जोडणीचा कागद टाकावा आणि त्यात घरातल्या बटणासकट आकृती द्यावी, सध्या येतो तो बारीक इंग्रजीतला कागद खेड्यात कोणी वाचत नाही. आणि ज्या ग्रामपंचायती, सोसायट्या असे लाइट वाटतात त्यांनी नुसता डबा हातात देऊ नये, बसवायचा खर्च पण धरावा आणि काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यावं. ऊसतोड सुरू झाली की उसातला बिबट्या वस्तीकडे सरकतो, त्याच्या आत हे व्हायला पाहिजे. तुम्ही पेपरात जागा देणार असाल तर बटणासकट जोडणीची आकृती मी मोठ्या अक्षरात काढून पाठवतो, लोक कात्रण काढून बोर्डाशेजारी चिकटवतील.

आपला,
एक वायरमन, जुन्नर तालुका