झोपताना काय धरतो हा?

कर्वेनगर, पुणे
रविवार, दुपार

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सहा मिनिटांचा निरोप ऐकला. मागे बाळाचं रडणं, कुकरच्या शिट्ट्या आणि त्यात तुझा प्रश्न, "बाळ सांभाळायला बाई कशी शोधलीस गं?" फोन केला तर पिल्लू उठेल, म्हणून लिहूनच काढते.

तुझे बाळंतपणाच्या रजेचे सव्वीस आठवडे संपत आले ना? माझे संपले तेव्हा मी निर्धास्त होते, ऑफिसात पाळणाघर असणारच म्हणून. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून ऑफिसात 50 किंवा जास्त माणसं असली की ती सोय द्यावीच लागते. आमच्याकडे खोली होती, दारावर सशाचं चित्रही होतं. आत जुने प्रिंटर.

मग एजन्सी. महिन्याच्या पगाराएवढं कमिशन आधीच घेतलं आणि बाई नवव्या दिवशी गावाला गेली ती गेलीच. तेव्हा फार चिडले होते. पण चोवीस तासांची बाई म्हणून आणली आणि झोपायला दिली हॉलमधली सतरंजी. तिचं तरी काय चुकलं?

मावशी मिळाल्या त्या आमच्या पोळ्यांच्या काकूंच्या ओळखीतून. मी यादीच करून बसले होते. आधी कुठे होतात, का सोडलं, आधार कार्ड, पोलिस व्हेरिफिकेशनला चालेल ना. (ते कर गं, कंटाळा करू नकोस. आणि आधीच्या घरी स्वतः फोन लाव.) त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं आणि मग मलाच विचारलं, "झोपताना काय धरतो हा?"

कानाची पाळी धरतो. माझी. नऊ दिवसांत आधीच्या बाईंनी हे विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नव्हतं. मावशींनी बांगड्या उतरवून पिशवीत टाकल्या, हातपाय धुतले, आणि पिल्लूला घ्यायच्या आधी कानातले डूलही काढले. यादीतले उरलेले प्रश्न मी विचारलेच नाहीत.

पहिला आठवडा मी घरीच होते, पण दुसऱ्या खोलीत. सुट्टीतले तेवढे दिवस तूही राखून ठेव.

कॅमेऱ्याचं विचारलंस. लावला, पण मावशींना सांगून, आणि फक्त हॉलमध्ये. ऑफिस सुरू झाल्यावर सुरुवातीला मी मीटिंगमध्येसुद्धा मांडीवर फोन धरून बघत असायचे. तिसऱ्या दिवशी मावशी थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "वरणभात संपवला हो सगळा." मेले मी लाजेने!

खरा घोळ झाला तो कपाचा. आईंनी मावशींसाठी कान तुटलेला कप वेगळा काढला, ओट्याच्या कोपऱ्यात उपडा. मावशी बोलल्या काहीच नाहीत, फक्त चहा सोडला. म्हणे पित्त होतं. मला कळायला दोन आठवडे लागले. नातवाला त्यांच्या हातचा घास चालतो आणि कप चालत नाही! मी तो कप कचऱ्यात टाकला. दोन दिवस घरात अबोला, नवरा पेपरात तोंड खुपसून. आता चार वाजता आईच दोघींचा चहा टाकतात, आणि माझ्या तक्रारीही बहुतेक तेव्हाच होतात.

पैशांचं आधीच स्पष्ट बोल. रविवार सुट्टी, दिवाळीला एक पगार. आम्ही गावाला गेलो की त्या दिवसांचं काय, हे मी धरलंच नव्हतं. मावशी म्हणाल्या, "तुम्ही गावाला जाता ताई, माझं पोट इथंच असतं." तेव्हापासून कापत नाही.

मार्चमध्ये त्यांच्या मुलीची दहावी आहे, पंधरा दिवस रजा आत्ताच सांगून ठेवलीय. तेव्हा मी घरी असेन. बाळाला घेऊन तेव्हाच ये ना. उठला बघ, थांबते.

तुझी,
ठमी