स्टेडियम आहे, पण खेळाडूंना तारीख कधी?

संपादक महोदय,

गोव्यात इनडोअर स्टेडियमचा विषय निघाला की चर्चा लगेच नव्या बांधकामाकडे वळते. पणजीच्या आसपास आणखी मोठी वास्तू हवी, तिथे आंतरराष्ट्रीय सामने व्हावेत, मोठ्या गायकांचे कार्यक्रम व्हावेत, त्यानिमित्ताने पर्यटक यावेत, असे म्हटले जाते. माझा त्याला विरोध नाही. माझी मागणी त्याच्या आधीची आहे: आज जी इनडोअर स्टेडियम उभी आहेत, त्यांचे वर्षभराचे वेळापत्रक जनतेसमोर ठेवा आणि त्यात खेळाचे दिवस राखून ठेवा. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो आहे आणि ही मागणी मुलांच्या वतीने करतो आहे.

आपल्याकडे वास्तूंची वानवा नाही. ताळगावच्या पठारावरचे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम आणि नावेलीचे मनोहर पर्रीकर इनडोअर स्टेडियम ही जानेवारी २०१४ मधल्या लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीजभाषक देश-प्रदेशांच्या क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने झाली. म्हापशात पेडेला क्रीडा संकुल आहे. २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळात ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्याने घेतली, तेव्हा या सगळ्या जागा खेळाडूंनी गजबजल्या होत्या. त्याच वर्षी वर्ल्ड टेबल टेनिस मालिकेची स्पर्धा भारतात प्रथमच भरली, तीही ताळगावला. पुढच्या वर्षी ती पेडेला झाली. ज्यांना आपण टीव्हीवरच पाहत आलो, ते खेळाडू आमच्या पोरांनी हाकेच्या अंतरावरून पाहिले. त्यानंतर कितीतरी मुलांनी घरी रॅकेटसाठी हट्ट धरला असेल. पण रॅकेट मिळाली तरी रोज खेळायचे कुठे?

ताळगावचे स्टेडियम एरवी कशाकशासाठी वापरले जाते, ते सर्वांना ठाऊक आहे. इफ्फीचे, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, उद्घाटन आणि समारोप अनेक वर्षे तिथे झाले. मार्च २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांचा शपथविधी तिथेच झाला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जागा अपुरी पडू लागल्यावर तिथे खाटा लागल्या आणि रुग्णांवर उपचार झाले. त्या दिवसांत तिथे खेळ बंद होता म्हणून कोणी तक्रार केली नाही, करूही नये. संकटकाळी सरकारी वास्तू लोकांसाठी खुली व्हायलाच हवी. प्रश्न बाकीच्या दिवसांचा आहे. एका संध्याकाळच्या सोहळ्यासाठी मंच, पडदे, दिवे आणि खुर्च्या आणायला काही दिवस लागतात, ते सगळे काढायला आणखी काही. सोहळा एका रात्रीचा असला तरी कोर्ट आठवडाभर बंद राहते.

त्यात आपला पाऊस. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मैदाने चिखलाने भरतात. फुटबॉलवाले त्यातही खेळतात, पण कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल यांना छप्पर हवे. बॅडमिंटन, टेबल टेनिस, ज्युदो, जिम्नॅस्टिक्स तर छपराखालचेच खेळ. शालेय स्पर्धाही याच दिवसांत सुरू होतात. म्हणजे इनडोअर स्टेडियमची सर्वांत जास्त गरज कोणाला, तर पावसाळ्यात शाळांना. एका वर्षी आमच्या तालुक्यातल्या मुलांची स्पर्धा ठरलेल्या जागेवरून अगदी आयत्या वेळी हलवावी लागली, कारण ती जागा एका प्रदर्शनाला दिली गेली होती. मुले शाळेच्या सिमेंटच्या हॉलमध्ये खेळली. छपरातून पाणी ठिबकत होते आणि आम्ही शिक्षक दोन सामन्यांच्या मध्ये फरशी पुसत होतो. सिमेंटवर झेप घेतली की घोटा आणि गुडघा काय सोसतो, हे शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

मूळ गोव्याची तनिषा क्रास्टो २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अश्विनी पोनप्पासोबत दुहेरीत खेळली. आपल्या सर्वांना तिचा अभिमान आहे. पण तिचा खेळ घडला तो दुबईत आणि हैदराबादेत. सत्तरीतल्या किंवा काणकोणातल्या मुलीला दुबई-हैदराबाद परवडणार नाही. तिच्यासाठी ताळगाव किंवा नावेलीच आहे, तेही बस मिळाली तर.

खेळ आणि कार्यक्रम एकाच छपराखाली होऊ शकतात, जगभर होतात. पण त्यासाठी वास्तू तशी बांधावी लागते आणि तशी सांभाळावीही लागते. बॅडमिंटनचे फूल जेमतेम पाच ग्रॅमचे. प्रेक्षकांना गार वाटावे म्हणून एसीचा झोत कोर्टावर सोडला की ते भरकटते आणि खेळाडूला मारलेल्या फटक्याचा अंदाजच येत नाही. म्हणून वाऱ्याची दिशा आणि वेग आराखड्यातच ठरवायचा असतो. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनसाठी कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते. कार्यक्रमवाले त्याच उंचीवर टनावारी स्पीकर आणि दिवे टांगतात, तेव्हा तो भार पेलण्याची छपराची क्षमता आधीच हिशेबात धरलेली असावी लागते. खाली लाकडी फ्लोअरिंग असेल तर त्यावर जाड फळ्या टाकल्याशिवाय खुर्चीसुद्धा ठेवू देऊ नये. आपल्या खाऱ्या, दमट हवेत लाकूड फुगते आणि लोखंड गंजते, त्यामुळे देखभालीचा खर्च इतर राज्यांपेक्षा जास्तच धरायला हवा. जो कार्यक्रमासाठी जागा भाड्याने घेतो, त्याच्या भाड्यातून हा खर्च निघाला पाहिजे. कबड्डीच्या मॅटसाठी येणाऱ्या शाळेकडून तो मागू नये.

संगीताच्या कार्यक्रमांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नव्या वास्तूसाठी हेच कारण पुढे केले जाते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाउडस्पीकरला बंदी आहे. सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्या आत वापरायला तेवढी मुभा आहे. हणजूण-वागातोरच्या रहिवाशांनी रात्रीच्या आवाजाविरुद्ध किती वर्षे दाद मागितली, हे आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सव धारगळला गेला, तेव्हा तिथल्या लोकांनीही विरोध केला. मोठे कार्यक्रम बंद वास्तूत गेले तर या गावांना झोप मिळेल, हा मुद्दा मला पटतो. पण पत्र्याच्या छपरातून ढोलाचा आणि बासचा आवाज सहज बाहेर जातो. तो अडवायला जाड, वजनदार भिंती आणि तसेच छप्पर लागते. नुसते चारी बाजूंनी बंद केले म्हणजे काम झाले, असे समजून कोणी आराखडा मंजूर करू नये. आत आवाज घुमू नये याचीही सोय हवी, नाहीतर गायकाचा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. आणि नाट्यसंगीत किंवा शास्त्रीय मैफल अशा ठिकाणी नेऊच नये. त्यासाठी कला अकादमी आणि फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर आहे, ती नीट राखा.

हडफडेच्या नाईटक्लबमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये लागलेल्या आगीत २५ माणसे गेली. हजारो लोक एका छपराखाली आणायचे, तर बाहेर पडायचे दरवाजे किती, ते कार्यक्रमाच्या रात्री उघडे असतात का, मंचाच्या सजावटीने कुठला दरवाजा झाकला गेला आहे का, हे प्रत्येक कार्यक्रमाआधी अग्निशमन दलाने पाहावे आणि तो अहवाल प्रवेशद्वारावर लावावा. बांधताना एकदा मिळालेल्या परवान्यावर वर्षानुवर्षे भागवू नये.

बसचेही पाहा. अंधार पडल्यावर आपल्या खासगी बसगाड्या विरळ होत जातात. सामना नऊला संपला तर फोंड्याच्या मुलाने घरी जायचे कसे? ज्याच्याकडे गाडी आहे त्याचे स्टेडियम, असे होता कामा नये. सामना किंवा कार्यक्रम संपल्यावर म्हापसा, फोंडा, मडगाव आणि वास्कोकडे सरकारी कदंब महामंडळाची एकेक गाडी सुटली तरी पुष्कळ फरक पडेल.

क्रीडा खात्याला माझी विनंती अशी. प्रत्येक इनडोअर स्टेडियमचे पुढच्या वर्षाचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध करावे. इफ्फी २० नोव्हेंबरच्या सुमारास असतो हे आधीच ठाऊक असते, तेव्हा ते दिवस सुरुवातीलाच बाजूला काढता येतील. जून ते सप्टेंबर हे चार महिने शाळा, तालुका संघ आणि जिल्हा स्पर्धांसाठी राखावेत; त्या काळात आपत्तीखेरीज कुठल्याही कारणाने मुलांची तारीख रद्द होऊ नये. वर्षाच्या इतर दिवसांत कोणा आयोजकासाठी मुलांचा सराव हलवावाच लागला, तर पर्यायी जागा आणि तिथवरची बस आयोजकाने द्यावी, अशी अट भाडेकरारात घालावी. हे वेळापत्रक खात्याच्या संकेतस्थळावर तर असावेच, पण स्टेडियमच्या फाटकावरही मराठी आणि कोकणीत लावावे, म्हणजे शिक्षकाला चौकशीसाठी पणजीच्या कार्यालयात खेटे घालावे लागणार नाहीत. यासाठी नवीन वीट रचायची गरज नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी पहिले वेळापत्रक लागावे, आणि नव्या वास्तूचा प्रस्ताव पुढे आला तर आधीच्या वास्तूंमध्ये वर्षभरात किती दिवस खेळ झाला, तो आकडा त्याला जोडावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
बार्देश