टेंडरमध्ये घरट्यांसाठी दोन महिने का नाहीत?

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मंगळवारी सकाळी साडेसातला आमच्या घरासमोरचं रेन ट्री पाडलं, गटाराच्या कामासाठी. त्यावर गायबगळ्यांची घरटी होती, नुसती गॅलरीतून दिसणारीच एकतीस मी मोजलेली, आणि पिल्लं उडाल्याशिवाय हात लावणार नाही, सप्टेंबरनंतर बघू, असं तुमच्याच खात्याच्या एका अधिकाऱ्याने जूनमध्ये मला तोंडावर सांगितलेलं. लेखी मागितलं तर म्हणाले, शब्दावर विश्वास ठेवा. ठेवला.

चिखलात निळसर पांढरी अंडी फुटलेली, एका पिल्लाच्या चोचीत अर्धा नाकतोडा तसाच. बारा पिल्लं बादलीतून घरी आणली, रात्रीपर्यंत चार उरली. माझी आई ८१ वर्षांची, पॅरॅलिसिसनंतर तीन वर्षं त्याच खिडकीशी पडून आहे, बगळ्यांच्या डोक्यावर केशरी रंग चढला की म्हणायची, पाऊस आला बघ. आता म्हणते खिडकी लाव. दोन दिवस धड जेवलेली नाही, माझं बीपी वाढलंय ते वेगळंच.

अंडी उबायला तीनेक आठवडे, पिल्लू उडायला अजून महिनाभर. दोन महिने झाले फक्त! १ जून ते ३१ जुलै माशांच्या विणीसाठी हेच सरकार ट्रॉलर किनाऱ्याला लावायला लावतं, आचारसंहिता लागली की नवीन कामं थांबतात, म्हणजे थांबता येतं तुम्हाला. गटाराचा नकाशा मी पाहिलाय, लांबी रुंदी खोली सगळं आहे, त्या झाडावर कोण कुठल्या महिन्यात राहतं हे लिहायला जागाच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हे शिकारीतच धरलंय, मग गुन्हा कोणावर दाखल झाला? २०२१ पासून झाडाच्या वयाएवढी रोपं लावायचा नियम आहे म्हणे, लावा साठ रोपं, पण ह्या पावसात बगळ्यांनी अंडी त्या हातभर काड्यांवर घालायची का? इथे सगळं ३१ मार्चच्या बिलांवर चालतं, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यातच रस्ते खणतात, माणसांच्या पोरांचा विचार नाही तिथे पक्ष्यांच्या पोरांचं कोण बघणार.

माझी मागणी एकच, प्रत्येक कामाच्या वर्क ऑर्डरमध्ये विणीचे महिने लिहा आणि त्या महिन्यांत झाडाला हात लावू नका.

शेजारची दोन झाडं सोमवारी पाडणार असं ठेकेदाराचा माणूस सांगून गेलाय. त्यांवर अजून नऊ घरटी आहेत. सोमवारच्या आत फोन करा.

आपली,
त्या रस्त्यावरची एक रहिवासी