गाडी तळघरात लावू नकोस

नाशिक, मंगळवार

चि. बंटी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तडक निघालास, जेवलाही नाहीस. घाट उतरल्यावर आईला फोन केलास, मला नाही. असो. भांडण उकरून काढायला हे लिहीत नाहीये. एवढंच विचारतो, नेलेली आपली जुनी गाडी वर उघड्यावर लावलीस की बिल्डिंगच्या तळघरात? तिला पेट्रोलचा वास येतो, म्हणून विचारतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, फरशीलगत बसून राहते. उघड्यावर वारा तिला नेतो, तळघरात कोण नेणार? आणि तिथेच कोपऱ्यात पाण्याची मोटर आहे, मागच्या खेपेला मी पाहिलीय. तिची एक ठिणगी पुरे.

"बाबा, तुम्हाला तर वासच येत नाही, मग कशावरून बोलता?" असं म्हणालास. खरं आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये नाक जे गेलं ते गेलंच. फोडणी करपली तर धूर दिसल्यावर कळतं मला. पण आईला येतो ना वास! सोमेश्वरहून परतताना वाटेत टाकी फुल केली, तर घरी येईपर्यंत तिने नाकाला पदर लावलेला. तेव्हा मीच म्हणालो, पंपावर सांडलं असेल.

आता नीट ऐक. टाकी फुल असतानाच वास येतो आणि अर्ध्यावर आली की जातो, असं असेल तर तोंडापासून टाकीत जाणारा जाड रबरी पाईप बघ, नाहीतर टाकीवरच्या फ्लोटचं, म्हणजे काट्याला पेट्रोल किती ते कळवणाऱ्या तरंगाचं, वायसर. गरम इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थोडा येतो तो कार्बोरेटरचा, जुन्या गाडीला तेवढं चालायचंच. पण रात्रभर उभ्या गाडीचं सकाळी दार उघडताच आला, तर कुठेतरी पाझरतंय. थेंब शोधत बसू नकोस, तो खाली पडायच्या आत उडून जातो. डाग शोध. धुळकट पाईपवर एखादीच जागा धुतल्यासारखी दिसेल, नाहीतर नेमकी तिथेच काळी चिकट धूळ बसलेली असेल. पांढरं फडकं फिरव आणि हुंग. इंजिन थंडगार पाहिजे, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली आणि हातात टॉर्च. काडी नाही, लायटर नाही. (सोडलीस म्हणतोस, तरी.) आणि हे सगळं वर, उजेडात. तळघरात नाही.

बघ, लागलो शिकवायला. सातपूरला ३१ वर्षं अप्रेंटिस पोरांवर ओरडण्यात गेली, जीभ वळायची तशीच वळते. राग मानू नकोस. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलास, हे मी चारचौघांत सांगतो, तुलाच कधी सांगितलं नाही.

तुला आठवतं का, कसाऱ्यात भर मे महिन्यात गाडी बंद पडली होती? तू सहा वर्षांचा. उन्हाने इंजिनाच्या पेट्रोल पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली होती, इंजिनला पेट्रोलच पोचेना. आईने तुझा शाळेचा नॅपकिन वॉटरबॅगच्या पाण्यात भिजवून दिला, मी तो पंपावर गुंडाळला. पंधरा मिनिटं दगडावर बसून चिवडा खाल्ला आपण. गाडी सुरू झाली तेव्हा तू टाळ्या पिटल्यास, आणि नॅपकिनला पेट्रोलचा वास लागला म्हणून घरी येईपर्यंत रडलास. नानांना हे सांगितलं तर ते किती हसले होते.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपली गाडी १९९८ची. जुन्या रबराला ते मानवत नाही, फुगतं, तडकतं. पण मी रबराचं नाव कशाला पुढे करतोय?

२०२०च्या मे महिन्यात रिटर्नचा, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा, पाईप तडकला होता. दुकानं बंद. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीचा वीतभर तुकडा माळ्यावर पडला होता, तोच कापून बसवला. ती प्लॅस्टिकची नळी पेट्रोलने काचेसारखी कडक होते, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, दुकानं उघडली की बदलू. दुकानं उघडली, माझं राहिलं. मग नाक गेलं. तू चावी मागितलीस तेव्हाही बोललो नाही, कारण तू मागितलीस याचंच कौतुक वाटलं.

रविवारी मी ओरडलो तो तुझ्यावर नाही. सूनबाई त्याच गाडीवर हात बसवणार, मागे चिऊ बसणार. तिला सध्या त्यात बसवू नकोस.

शनिवारी पंचवटी एक्स्प्रेसने कल्याणला उतरतो. पेट्रोलचाच पाईप घेतलाय आणि चार नव्या क्लिपा. आईही येतेय. पाईप मी बसवीन, वास तिला घ्यायला लावू.

तुझा,
बाबा

ता. क. बॅटरीसाठी १०चा पाना डिकीत स्टेपनीखाली फडक्यात गुंडाळून ठेवलाय. गाडी वर घेतलीस की आईला फोन कर. किंवा मला.