खुलासा कोणत्या पानावर?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुम्ही ‘व्हॉट्सॲप विद्यापीठा’वर अग्रलेख लिहिलात. अमक्याचा डाव, परकीय हात, दडपलेलं सत्य असल्या गोष्टी शिकलेसवरलेले लोकसुद्धा कशा गिळतात, असा त्याचा सूर होता. भाषा छान होती. मी तो पहाटे पावणेपाचला एसटी स्टँडच्या ओट्यावर पुरवण्या भरता भरता वाचला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. त्यात लोक होते, मोबाइल होता, पुढारी होते. पेपर मात्र कुठेच नव्हता.

मी श्रीरामपुरात पेपर विकतो. १९८३ साली आठवीत असताना पहिल्यांदा सायकलवरून लाईन, म्हणजे घरोघरी पेपर, टाकली, ती अजून टाकतोय. हाताखाली दोन-तीन पोरं असतात, मिळतील तशी. तुमच्यासकट अकरा दैनिकांचे गठ्ठे माझ्याकडे उतरतात. म्हणजे रोज पहाटे अकरा पहिली पानं माझ्यासमोर शेजारी शेजारी मांडलेली असतात. एकच बातमी अकरा ठिकाणी किती मोठी, किती लहान, कुठे आहे आणि कुठे नाहीच, हे मला चहा गार व्हायच्या आत कळतं.

माझ्या स्टॉलवर रोज एक निवृत्त ग्रामसेवक येतात. मोबाइलवर आलेलं काहीतरी दाखवतात आणि विचारतात, “हे आज पेपरात आलंय का?” मी चाळून सांगतो, नाही. त्यावर ते मान डोलावतात, “मग खरंच असणार. दाबलंय.” हा माणूस वेडा नाही. तीस वर्षं त्याने ग्रामपंचायतीची दप्तरं सांभाळली, कागद कसा बनतो आणि कसा गायब होतो हे त्याला माहीत आहे. बातमी न येणं हाच त्याच्यासाठी पुरावा झालाय. असं का झालं, त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय.

२००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर, काना-मात्रेचाही फरक न करता, वेगवेगळ्या पेपरांत आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणलं तेव्हा देशभर गाजलं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, नावानिशी अहवाल लिहिला, तर कौन्सिलने आधी तो अख्खा अहवाल बाहेरच येऊ दिला नाही. पुढच्या वर्षी माहिती आयोगाने सांगितलं तेव्हा तो प्रसिद्ध झाला. आमच्या ओट्यावर हे कुणाला साईनाथांनी सांगायची गरज पडली नव्हती. पुरवण्या भरणारा एक पोरगा तेव्हाच म्हणाला होता, “मामा, हे तर कालच त्या पेपरात वाचलं.” तो दहावी नापास होता.

मग नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नोट आली. तिच्यात चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा लोक हसले होते. पण वृत्तवाहिन्यांवर सूटबूट घातलेल्या माणसांनी ती चिप कशी चालते हे समजावून सांगितल्यावर हसणं थांबलं. माझ्या मेहुण्याने दोन नोटा पोळीच्या चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. काळा पैसा म्हणाल तर एकूण चार हजार रुपये.

पण हे पत्र मी लिहितोय ते २०२० च्या मार्च-एप्रिलसाठी. त्या दोन महिन्यांत एक अफवा माझ्यावर उठली आणि दुसरी मी स्वतः खाल्ली.

माझ्यावरची अशी, की पेपरच्या कागदातून कोरोना येतो. पाडव्याच्या सुमारास फोन सुरू झाले, “उद्यापासून टाकू नको.” वीस-वीस वर्षांची घरं. एक आजी चिमट्याने अंक उचलून उन्हात टाकायच्या. एक वकीलसाहेब इस्त्री फिरवायचे. महिन्याभरात निम्म्याहून जास्त लाईन बसली. १८ एप्रिलला तर राज्य सरकारनेच घरोघरी पेपर टाकायला बंदी घातली. ओरड झाली, तेव्हा तीन दिवसांनी मुंबई-पुण्यासारखे भाग वगळून ती उठवली. मी घरी बसून होतो. मी काही केलेलं नव्हतं, कागदानेही काही केलेलं नव्हतं, पण सोसायटीचा वॉचमन मला गेटच्या बाहेरूनच हाताने ‘जा’ म्हणायचा. ते अजून आठवतं.

तेव्हा तुम्ही लोकांनी काय केलंत? सगळ्या पेपरांनी पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, डॉक्टरांच्या फोटोसकट, जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला देऊन छापलं की पेपर सुरक्षित आहे. एकदा छापून थांबला नाहीत, पुन्हा पुन्हा छापलंत. ती पानं मी जपून ठेवलीत, कारण ती माझ्याच बाजूने होती.

आता दुसरी अफवा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चाचा गाडा लावतात. मोसंबी, पेरू, मोसमात द्राक्षं. मी त्यांच्याकडून फळं घ्यायचो आणि त्यांच्या गाड्यावर रोज एक अंक टाकायचो. हिशोब महिन्याला फळांतच फिटायचा. मार्चच्या शेवटी दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची, म्हणजे तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या मुख्यालयाची, बातमी आली. दाटीवाटीने जमलेले लोक, त्यातून पसरलेली लागण, हे खरं होतं आणि ती बातमी होतीच. पण चार दिवसांत तिचं भलतंच झालं. हे ठरवून केलंय, हा डाव आहे, हा ‘जिहाद’ आहे, असं वाहिन्यांवर ओरडून ओरडून सांगायला लागले. पेपर ओरडत नव्हते, पण पहिल्या पानावर रोज चौकट होती: एकूण रुग्ण इतके, त्यातले मरकजचे इतके. सरकारच्या पत्रकार परिषदेतच आकडा असा वेगळा काढून दिला जायचा. १८ एप्रिलचा मला पाठ आहे, १४,३७८ पैकी ४,२९१. आकडा खोटा नव्हता. पण मरकजला गेलेल्यांना शोधून शोधून तपासत होते आणि बाकीच्यांना तपासणीच मिळत नव्हती, हे त्या चौकटीत नव्हतं. जिथे खणाल तिथलंच पाणी दिसणार, एवढं तर आमच्याकडे विहीर पाडणाऱ्यालाही कळतं.

मग ते व्हिडिओ आले. फळवाला बोटाला थुंकी लावून फळं रचतोय. गाडीतला माणूस पोलिसावर थुंकतोय. फळवाल्याचा व्हिडिओ मध्य प्रदेशातला होता, फेब्रुवारीतला. पोलिसावर थुंकणारा तर आपल्याच मुंबईकडचा, ठाण्याच्या कोर्टात नेत असलेला कच्चा कैदी. तोही फेब्रुवारीतलाच, मरकजच्या आधीचा. हे मला खूप नंतर कळलं. त्या आठवड्यात मी घरात सांगितलं, “चाचांकडून फळं आणायची नाहीत.” बायको म्हणाली, “अहो, वीस वर्षं खातोय की आपण.” मी तिला चौकट दाखवली. माझ्याच गठ्ठ्यातली.

चाचांना माझी मोसंबी बंद झालेली कळली असणारच. ते काही बोलले नाहीत. त्यांनी अंक बंद केला. गाड्यावर नेहमीच्या जागी ठेवायला गेलो तर म्हणाले, “भाऊ, आता नको.” मला वाटलं, तेही कागदाला घाबरले.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला. गुन्हे आमच्या नगर जिल्ह्यातच नोंदवलेले होते: तबलिगी जमातीचे, मशिदींत राहिलेले २९ परदेशी लोक, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांतले, आणि त्यांना जागा देणारे इथले काही जण. न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांनी ते गुन्हे रद्द केले. संकट आलं की राजकीय सरकार बळीचा बकरा शोधतं, असं निकालात स्पष्ट म्हटलं. छापील आणि टीव्हीवरच्या माध्यमांनी या लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला, असंही म्हटलं. न्या. सेवलीकरांनी नंतर नोंद केली की निकाल मान्य आहे, पण सगळी निरीक्षणं मान्य नाहीत. हेही सांगायला हवं म्हणून सांगतो. पण गुन्हे रद्द झाले, यात दोघांचं दुमत नव्हतं.

ती बातमी दुसऱ्या दिवशी माझ्या अकरा पेपरांत शोधली. काहींनी ती चांगली लावली होती, नाही असं नाही. पण ज्या पेपराने एप्रिलभर पहिल्या पानावर चौकट चालवली होती, त्यात ती आतल्या पानावर होती, एका कॉलमात, खालच्या बाजूला सोन्या-चांदीच्या भावाची जाहिरात. त्यात माध्यमांबद्दलचं वाक्य नव्हतं. आपल्याबद्दलचं तेवढं वाक्य गाळून निकाल छापला होता. कोणता पेपर ते लिहीत नाही. माझं पोट त्याच्यावरही आहे.

पुढे डिसेंबरात मरकजच्याच प्रकरणात दिल्लीच्या कोर्टाने ३६ परदेशी लोकांना निर्दोष सोडलं. पाच वर्षांनी, १७ जुलै २०२५ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने ७० भारतीयांवरचे खटले रद्द केले. त्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत मी ती बातमी बोटाने शोधत होतो. शेजारचा पोरगा म्हणाला, “मामा, शब्दकोडं त्या पानावर नसतं.”

संपादक महाशय, माझा मुद्दा एवढाच आहे. अफवा तुमच्या धंद्यावर आली, तेव्हा खुलासा पहिल्या पानावर, रोज, फोटोसकट. चाचांच्या धंद्यावर आली, तेव्हा आतल्या पानावर, एक दिवस. खोटं कसं खोडायचं हे तुम्हाला येत नाही असं मी कसं मानू? मी ती पानं जपून ठेवलीत.

आणि हे एकाच बाजूचं आहे असंही समजू नका. २०२४ च्या विधानसभेनंतर माझे अर्धे गिऱ्हाईक मतदान यंत्रांवरून पेटले होते. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. त्या दिवशी एका पेपरात ती क्रांती होती, दुसऱ्यात नौटंकी. ग्रामसेवकांनी मला विचारलं, “मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या त्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात तरी का?” मी अकरा पेपर चाळले. सरळ सांगणारं त्या दिवशी सापडलं नाही. आठवडाभराने कुठेतरी आलं, की प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, २८८ मतदारसंघांच्या १,४४०, आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार आकड्यांत फरक निघाला नाही. मी तो कोपरा कापून ग्रामसेवकांना दिला. ते म्हणाले, “हे पहिल्या दिवशी पहिल्या पानावर का नाही छापलं? आता छापतायत म्हणजे कुणीतरी सांगितलं असणार.” मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येतं का बघा.

माझी मागणी साधी आहे, छापखान्याला जास्तीचा खर्च नाही. चूक ज्या पानावर, खुलासा त्याच पानावर. चौकट जेवढी, खुलाशाची चौकट तेवढी. चूक जितके दिवस चालली, त्याच्या निम्मे दिवस तरी खुलासा चालवा. आणि ‘काही वाचकांच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे वाक्य नको. भावनांचं सोडा, त्या दोन महिन्यांत चाचांच्या गाड्यावरची द्राक्षं सडली होती.

मी पुन्हा मोसंबी घ्यायला लागलो ते त्या दिवाळीत. चाचांनी वजनात दोन जास्त टाकली, पैसे बरोबर घेतले. मी औरंगाबादच्या निकालाचं कात्रण खिशात ठेवलं होतं, ते काढून दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, “पेरू पण देऊ का?” अंक पुन्हा टाकू का हे तेव्हा मला विचारवलं नाही. नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाले, “बघू, भाऊ.”

पत्र छापणार असाल तर कोणत्या पानावर लावताय ते आदल्या दिवशी एजंटला कळवा. मला त्या दिवशी एक अंक जास्तीचा लागेल.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता, श्रीरामपूर
(नाव छापू नये. सकाळी चार वाजता गठ्ठे वेळेवर मिळायला हवेत.)