गोलघराचे बंद जिने : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

पाटण्याच्या गोलघर या जुन्या धान्यकोठाराचे जिने छठपूजेपूर्वी खुले होतील, असे संबंधित कार्यालयाने मला लेखी कळवले होते. मी नोकरीनिमित्त येथे राहणारा स्थापत्य अभियंता आहे. त्या पत्राच्या भरवशावर मी सोलापूरहून वडिलांना बोलावले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या या माणसाला दुष्काळासाठी बांधलेले कोठार पाहायचे होते, आणि १४५ पायऱ्या चढता याव्यात म्हणून सत्तरीतही ते महिनोन्‌महिने चालण्याचा सराव करत होते. जिन्याला कुलूप होते. ते काही बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आपण काय बंद ठेवले आहे, याची आपल्याला कल्पना आहे का? १७७० च्या भीषण दुष्काळानंतर ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता कॅप्टन जॉन गार्स्टिन याने २९ मीटर उंचीची, आत एकही खांब नसलेली ही वास्तू उपड्या रांजणासारखी उभी केली. तळाशी भिंत ३.६ मीटर जाड आहे, कारण घुमटाचा भार आणि धान्याचा बाहेरचा रेटा दोन्ही तिलाच पेलायचे होते. हमालांनी एका जिन्याने चढावे, माथ्यावरच्या भोकातून पोती रिकामी करावीत आणि दुसऱ्या जिन्याने उतरावे, अशी योजना होती. म्हणजे जिने हा या इमारतीचा अलंकार नसून तिचे कामच आहे. ते बंद ठेवून गोलघर समजत नाही.

येथे १,४०,००० टन धान्य मावते, असे सर्रास सांगितले जाते. सुमारे १२५ मीटर बाह्य परीघ आणि भिंतींची जाडी धरून मी हिशेब केला, तेव्हा आकडा फार तर १२,००० टनांच्या आसपास येतो. इतकी वर्षे हे कोणीच तपासले नाही?

तेथील शिलालेखात गोलघराला ‘क्रमांक १’ म्हटले आहे, कारण दुष्काळ कायमचा टाळण्याच्या व्यापक योजनेतले ते पहिले कोठार होते. पुढची झालीच नाहीत. २० जुलै १७८६ ला काम पूर्ण झाल्याची नोंद आहे, पण ते प्रथम कोणी भरले, त्या नावाची जागा कोरीच राहिली. कोठार कधी पूर्ण भरलेच नाही. राज्यकर्ते बदलले, तरी घोषणा करून काम अर्धवट सोडण्याची ही रीत सुटलेली नाही. आजही शेतकऱ्याचे धान्य ताडपत्रीखाली भिजते आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर सापडत नाही.

वास्तूला पडलेल्या तड्यांच्या दुरुस्तीचा अहवाल जाहीर करावा, क्षमतेचा आकडा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा आणि जिने केव्हा उघडणार, ती तारीख आपल्या सहीने कळवावी. वडील महिनाअखेरपर्यंत येथेच आहेत.

आपला,
पाटण्यातील एक मराठी नागरिक