फॉर्मवर माझ्या भावासाठी रकाना नाही

मा. दिव्यांगजन सक्षमीकरण मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

महोदय, सादर नमस्कार.

माझा धाकटा भाऊ 31 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, उजवा हात आखडलेला, बोललेलं परक्याला कळत नाही. कान मात्र तिखट. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाडीच्या तोंडाशी वाजला की घरात सगळ्यांआधी यालाच कळतं. डावा अंगठा वर केला म्हणजे हो, मान वळवली म्हणजे नको. घरी येणारी पाहुणेमंडळी एका दुपारीत हे शिकतात.

तो दिव्यांगांच्या ज्या केंद्रात जातो तिथं दर जूनमध्ये त्याचा वर्षाचा आराखडा ठरतो. यंदा मॅडमनी मला विचारलं, "ह्याला काय काय आवडतं?" भाऊ माझ्या शेजारीच व्हीलचेअरवर होता. आणि मीही, त्याची सख्खी बहीण, सरळ उत्तर देऊन मोकळी झाले: टीव्ही आवडतो, पातळभाजी-पाव आवडतो. तो माझ्याकडे बघून हसला. ते हसू मला अजून सलतं, म्हणून हे पत्र.

आराखड्याचा फॉर्म इंग्रजीत असतो. आजार, टक्केवारी, औषधं, उद्दिष्टं, खाली पालकाची सही. ज्याचं वर्ष ठरतंय त्याचं म्हणणं लिहायला एक रकाना नाही. कायदा तर वेगळंच सांगतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016 च्या कलम 14 प्रमाणे, दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली नेमलेला पालक आता 'मर्यादित पालक' समजला जातो. म्हणजे राष्ट्रीय न्यास कायद्याखाली (सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम अशा व्यक्तींसाठीचा कायदा) त्याची पालक म्हणून माझ्याकडे जो कागद आहे, त्याच्या जोरावर मी एकटीनं त्याच्या वतीनं ठरवायचं नाही. दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवून, मिळून ठरवायचं. मग एकट्या माझ्या सहीवर त्याचं अख्खं वर्ष कसं काय ठरतं?

आता गुरुवारची गोष्ट. आमच्या गावच्या दत्ताच्या देवळात गुरुवारी संध्याकाळी भजन असतं. भाऊ लहानपणापासून झांज घेऊन बसतो. एक झांज मांडीवर पट्ट्यानं बांधायची, दुसरी डाव्या हातात. ताल कधी मागं पडतो, पण पेटीवाले काका त्याला सांभाळून घेतात. गेल्या वर्षी केंद्रानं घरी येणारा फिजिओथेरपिस्ट दिला. चांगलीच गोष्ट. पण आमच्या वाटेवरचा त्याचा वार नेमका गुरुवार, वेळ संध्याकाळी साडेसहा. वार बदलून मागितला तर उत्तर आलं, "रूट तसा लागलाय."

दोन महिन्यांत भाऊ व्यायामाला अंग ताठ करू लागला, ओरडू लागला. केंद्राच्या नोंदीत शेरा पडला: 'बिहेवियर इश्यू'. औषध वाढवण्यापर्यंत बोलणं गेलं होतं. मग पहिला थेरपिस्ट सोडून गेला आणि नवा पोरगा आला, पेडण्याकडचा. तो खाली चटईवर बसला आणि भावालाच म्हणाला, "काय रे, राग कशाचा?" भावानं भिंतीकडे नजर वळवली. खुंटीला झांज टांगलेली होती. पोरानं आधी चमचा दाखवला, मान वळली. मग झांज काढून आणली, अंगठा वर. पुढच्या आठवड्यापासून वार मंगळवार झाला. मुठीचा जो व्यायाम चमच्यावर कधी जमला नाही, तो झांजेवर चालू आहे. 'बिहेवियर इश्यू'चं पुढं काय झालं ते नोंदवहीत कुणी लिहिलं नाही.

सेवा माणसाभोवती बेतायची, असं आता बैठकांमधून बोललं जातं. त्या शब्दाचा अर्थ मला या पोरानं दाखवला. त्यासाठी त्याला जादा पैसा लागला नाही. थोडा वेळ लागला आणि रूट मोडायची परवानगी लागली. परवानगी कशी मिळवली ते त्यानं सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

संस्थांवर मी राग काढत नाही. तिथल्या मदतनीस बायका तुटपुंज्या पगारात चार-चार जणांचं न्हाणं-जेवण बघतात. पण तपासणी आली की हजेरीपट, पावत्या आणि भिंतीवरचे फोटो काढून ठेवतात, कारण बघितलं जातं तेच. जे मोजलं जातं तेच सांभाळलं जातं, त्यांचा तरी काय दोष? हे तुमच्या हातात आहे. याच कायद्याप्रमाणे संस्था चालवायला नोंदणी लागते. नोंदणी देताना आणि तिचं नूतनीकरण करताना अधिकाऱ्यानं हजेरीपटाआधी तिथल्या चार-पाच जणांशी बोलावं, कर्मचारी बाजूला ठेवून. बोलता येत नसेल त्याच्याशी चित्रांचा तक्ता घेऊन, अंगठा बघून. आराखडा मराठीत किंवा कोंकणीत, एका पानाचा, आणि पहिली ओळ त्या माणसाची. तो काय म्हणाला आणि ते आपल्याला कसं कळलं, दोन्ही लिहिलेलं हवं. 'नको' म्हणाला तर ते नकोच म्हणून नोंदवावं, शेरा म्हणून नव्हे.

आणखी एक. याच कायद्याच्या कलम 38 प्रमाणे ज्यांना जास्त आधार लागतो त्यांना तो मागण्यासाठी अर्ज करता येतो, आणि गरज तपासायला मंडळ असायला हवं. मी दोन कचेऱ्या फिरले. एकीकडे मला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा (राज्याच्या मासिक मदतीचा) फॉर्म दिला, दुसरीकडे यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा. दोन्ही आमच्याकडे कधीचे आहेत. आज मी त्याला उचलते. माझी कंबर गेल्यावर त्याला कोण उचलेल, आणि ते माणूस कोण असावं हे त्याला विचारलं जाईल का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

पर्पल फेस्टला, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवाला, आम्ही पणजीला आलो होतो. 2023 च्या जानेवारीत पहिला झाला तेव्हाही आणि नंतरही. भाऊ खूश असतो, गर्दी त्याला आवडते. स्वयंसेवक त्याच्याशी वाकून बोलतात, उत्तराची वाट बघतात. घरी परतल्यावर तो दोन दिवस रुसलेला असतो. पूर्वी मला वाटायचं, दमला असेल.

पुढच्या जूनमधल्या आराखड्याच्या बैठकीला तुम्ही किंवा तुमच्या खात्याचं कुणी आमच्याकडे डिचोलीला यावं, ही विनंती. खुर्ची त्याच्यासमोर ठेवीन. प्रश्न त्यालाच विचारा. उत्तराला मिनिट-दीड मिनिट लागतं. मी मध्ये बोलणार नाही. फक्त गुरुवारची संध्याकाळ नको, तेव्हा तो देवळात असतो.

आपली,
एक बहीण
डिचोली तालुका